शिकारीच्या सुरीची मूठ : चिकपेट ते होदिगेरे

१६६४ सालच्या जानेवारीत कर्नाटकातल्या होदिगेरेच्या रानात शहाजीराजे भोसले शिकारीला गेले होते. सावजामागे घोडा भरधाव सुटला, त्याचा पाय वेलीत अडकला, राजे खाली कोसळले आणि त्यातच गेले. होदिगेरे आज दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यात आहे. राजांची समाधी तिथेच आहे आणि महाराष्ट्रातून लोक आवर्जून तिथे जातात. या मृत्यूबद्दल आपण बोलतो तेव्हा घोड्याबद्दल बोलतो, वेलीबद्दल बोलतो, राजगडावर ही बातमी कशी पोचली असेल याबद्दल बोलतो. पण त्या दिवशी त्या मंडळींच्या कमरेला कोणती सुरी होती, हे कुणी विचारत नाही. आज आपण ते विचारणार आहोत. आणि पात्यापेक्षा जास्त तिच्या मुठीबद्दल बोलणार आहोत.

मूठ म्हटलं की काहींना वाटेल, हा काय इतिहासाचा विषय आहे? पण ज्यांनी कोयत्याने दिवसभर ऊस तोडलाय किंवा लग्नघरी विळीवर दोन पोती कांदा चिरलाय, त्यांना विचारा. दुखतो तो हात. आणि हाताला पातं लागत नाही, मूठ लागते.

आता चिकपेटकडे येऊ. कन्नडमध्ये चिक्क म्हणजे लहान, आणि पेटे म्हणजे आपली पेठच. म्हणजे चिकपेट ही बेंगळुरूची धाकटी पेठ आणि तिला छेद देणारी दोड्डपेट, म्हणजे आजचा अॅव्हेन्यू रोड, ही थोरली. १५३७ मध्ये केंपेगौडाने शहर वसवलं तेव्हा याच चौकातून चार बैलजोड्या चार दिशांना नांगर धरून सोडल्या, अशी कथा आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या फौजेने तिसऱ्या केंपेगौडाकडून हे शहर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. राजांचा मुक्काम पेठेतल्या गौरी महालात असे, असं स्थानिक परंपरा सांगते. आज त्या जागी साड्यांची दुकानं, गाठोडी आणि हमाल. महालाचा मागमूस नाही. पण सुमारे पाव शतक या पेठांमध्ये मराठी दरबार होता. जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू'त तो दरबार रंगवला आहे आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते पुस्तक १९२२ मध्ये छापून आपल्या हाती दिलं.

दरबार आला की शिकार आली. दख्खनच्या राजांना हा शौक फार जुना. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' लिहितो आणि त्यात मृगयेला एक सबंध भाग देतो. शिवाय मारलेलं जनावर कसं शिजवायचं तेही सांगतो. शेतातल्या काळ्या उंदरांचीसुद्धा कृती त्यात आहे, पण तो विषय जेवणाआधी नको. (मराठीच्या फार जुन्या खुणा या ग्रंथात सापडतात, म्हणून भाषेच्या अभ्यासकांनाही तो प्रिय आहे.) मुद्दा हा, की शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. मारल्यानंतर जनावर सोलायचं, साफ करायचं, वाटे घालायचे. मारणं क्षणाचं असतं, पुढचं काम तासभराचं. आणि या दोन कामांना दोन वेगळ्या मुठी लागतात.

मारण्याच्या मुठीचा नमुना म्हणजे कट्यार. कट्यार सगळ्यांना माहीत आहे, निदान नाटकामुळे तरी. तिची मूठ पात्याच्या रेषेत नसते, आडवी असते. दोन समांतर पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये दोन आडव्या दांड्या. त्या दांड्यांवर मूठ आवळली की पातं बुक्कीच्या पुढे निघतं. मनगट वाकत नाही, सगळ्या खांद्याचं वजन टोकाला जातं. अंगावर आलेल्या रानडुकरासाठी किंवा वाघासाठी याहून चांगली रचना शोधायला कठीण. राजस्थानात, बुंदी-कोट्याकडे, कट्यारींवर शिकारीची चित्रं कोरलेली असतात ती उगाच नाहीत. पण हीच कट्यार घेऊन हरीण सोलायला बसा. जमणार नाही. सोलताना पातं बोटांच्या टोकाशी हवं, तर्जनी पात्याच्या पाठीवर टेकायला हवी, मनगट मोकळं फिरायला हवं. कट्यारीची मूठ नेमकं तेच सगळं बंद करते.

म्हणून शिकाऱ्यांच्या कंबरपट्ट्यात कट्यारीच्या जोडीला एक साधी, सरळ, एकधारी, न मिटणारी सुरी असणार. फारसीत तिला कार्द म्हणतात. तिचं वैशिष्ट्य असं, की पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग जातं आणि दोन्ही बाजूंनी शिंगाची, हाडाची किंवा हस्तिदंताची एकेक फळी लावून त्या जागच्या जागी पक्क्या करतात. आजच्या चांगल्या शिकारी सुऱ्या याच पद्धतीच्या असतात.

दुसरी पद्धत आपल्या गावच्या लोहाराची. पात्याच्या मागे निमुळती शेपटी ठेवायची, लाकडी मुठीला भोक पाडायचं, त्यात लाख किंवा राळ भरायची, शेपटी तापवून आत घालायची. थंड झालं की घट्ट. आपल्या तलवारीची लोखंडी मूठसुद्धा अशीच राळेच्या लुकणाने बसवलेली असते. परदेशी संग्राहकांना याचं नवल वाटतं. एवढी मोठी तलवार आणि ती नुसत्या लुकणावर? पण यात सोय आहे. मूठ तापवली की लुकण सैल होतं, पातं निघतं, दुसरं बसतं.

ही सोय किती महत्त्वाची होती ते बघा. मराठ्यांची फिरंग. नावातच आहे, फिरंगी म्हणजे युरोपातली. सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत युरोपातली पाती दख्खनमध्ये यायची आणि त्यांना इथे, इथल्या कारागिराकडून, इथली मूठ बसायची. शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी बेंगळुरूतून तंजावरला गेले, १६७५ च्या सुमारास तिथलं राज्य त्यांनी घेतलं. त्या तंजावरच्या शस्त्रागारातल्या कित्येक कट्यारींना युरोपातल्या तलवारींची कापलेली पाती आहेत. मूठ मात्र दक्षिणी. विजयनगरापासून चालत आलेली, पंजाच्या पाठीवर नागफण्यासारखं लोखंडी आवरण घेणारी. माझं मत असं आहे, आणि आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा हाच आहे, की आपल्या लोकांनी पातं बाहेरून घ्यायला कधी कमीपणा मानला नाही, पण मूठ मात्र आपल्याच हाताच्या मापाने घडवली. शस्त्रांच्या इतिहासात आपण पात्याच्या पोलादाबद्दल अभिमानाने बोलतो. ते खरंच आहे. म्हैसूर मुलुखातलं मुशीतलं पोलाद जगात वाखाणलं गेलं आणि १८०० मध्ये फ्रान्सिस बुकॅनन या भागात फिरला तेव्हा त्याने ते कसं तयार करतात याचं तपशीलवार वर्णन लिहून ठेवलं. पण आपला हात ओळखायचा असेल तर तो मुठीत सापडतो.

याला एक साक्षीदार आहे, आणि तोही बेंगळुरूत राहिलेला. लुई नोलन. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाला इंग्रज घोडदळाचा जो प्रसिद्ध घात झाला, त्यात पहिल्यांदा पडलेला तो हाच कॅप्टन. त्याआधी तो हिंदुस्थानात होता, त्याची १५वी हुसार्स पलटण बेंगळुरूच्या छावणीत होती. १८५३ मध्ये त्याने घोडदळावर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो निजामाच्या स्वारांच्या एका चकमकीबद्दल सांगतो. त्यांच्या तलवारींनी झालेले घाव इतके भयंकर होते, की या तलवारी कुठल्या म्हणून त्याने चौकशी केली. तर त्या निघाल्या इंग्रज घोडदळानेच मोडीत काढलेल्या. पाती तीच. स्वारांनी त्यांना आपली मूठ बसवली होती, वस्तऱ्यासारखी धार केली होती आणि लोखंडी म्यानाऐवजी लाकडी म्यानात ठेवली होती, म्हणजे धार बोथट होणार नाही. इंग्रजांच्या हातात जे पातं निरुपयोगी ठरलं होतं तेच हे.

तलवारीची आपली मूठ इंग्रजांना लहान वाटायची. हिंदुस्थानी लोकांचे हातच लहान, असं त्यांतल्या काहींनी लिहूनही ठेवलं. मला हे अर्धवट निरीक्षण वाटतं. ती मूठ पंजाला आवळून धरते आणि तिच्या टोकाची गोल चकती मनगटाला अडते. त्यामुळे मनगट युरोपी पद्धतीने पुढे लांबवता येत नाही. कोपरा-खांद्यातून फिरवत, ओढत कापावं लागतं. मुठीला अडचण समजू नका, ती वार कसा करायचा ते शिकवते. युरोपी पट्टीच्या तलवारबाजाला ती टोचणारच.

मग शहाजीराजांच्या शिकाऱ्यांच्या त्या साध्या सुऱ्या गेल्या कुठे? संग्रहालयांत जा. मुघलांच्या खंजिरांच्या मुठी दिसतील, जेडच्या, स्फटिकाच्या, माणकं जडवलेल्या, घोड्याच्या तोंडाच्या आकाराच्या. टिपूच्या वाघमुखी मुठी दिसतील. डोळे दिपतात. पण जेडची मूठ हातात धरून ओल्या बोटांनी काही कापायचा विचार करा. गार, जड आणि गुळगुळीत. या सुऱ्या टिकल्या कारण त्या वापरल्याच गेल्या नाहीत. वापरातली सुरी झिजते. पातं घासून घासून बोटाएवढं होतं, मग ते वितळवतात किंवा त्याचा खुरपा करतात. मूठ लाकडाची असेल तर चुलीत जाते. शिंगाची असेल तर कसर खाते. हो, शिंग हे आपल्या नखांच्याच जातीचं, आणि लोकर खाणारी कीड ते आवडीने खाते. तंजावरचं शस्त्रागार तर आणखी दुर्दैवी. १८५५ मध्ये तिथला शेवटचा राजा वारल्यावर राज्य खालसा झालं आणि पुढच्या काही वर्षांत शस्त्रागार मोडलं. उत्तम नमुने मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेले, बाकी बरंचसं लोखंड भंगार झालं. उत्तम म्हणजे अर्थातच नक्षीदार. जी मूठ हाताला उत्तम होती ती निवडायला त्या समितीत कुणी शिकारी बसवला नसणार.

त्यातल्या त्यात जिवंत पुरावा हवा असेल तर बेंगळुरूहून नैऋत्येला कोडगूत जावं लागतं. कोडवा पुरुष आपल्या काळ्या कुप्या अंगरख्यावर लाल रेशमी शेल्यात एक सुरी खोचतात. तिला पीचेकत्ती म्हणतात. आज ती लग्नात मिरवायची आहे, मूठ चांदीची, टोकाला पोपटाचं डोकं. पण तिचं मूळ रूप कामाचं आहे. पातं रुंद, जाड पाठीचं, एकधारी. म्यानाला साखळीने चिमटा, कोरणी वगैरे लहान हत्यारं लटकवलेली. जंगलात राहणाऱ्या माणसाचं खिशातलं कपाटच म्हणा ना. आणि चांदी बाजूला ठेवून त्या मुठीचा आकार बघा. मध्ये बारीक, मागे फुगलेली. तेल लागलेला, रक्ताने माखलेला हात मागे घसरत गेला तरी फुगवटा तो अडवतो. कोकणातला कोयता बघा, घाटावरचा विळा बघा, मुठीचं टोक हेच सांगेल. आम्ही हे कुणाकडून शिकलो, असं विचारण्यात अर्थ नाही. ओला हात सगळीकडे सारखाच घसरतो.

आता मुठीच्या जिनसांकडे येतो, कारण यात आपल्या जंगलांचाही इतिहास दडलेला आहे.

मराठीत आपण म्हशीचंही शिंग म्हणतो आणि सांबराचंही शिंगच म्हणतो. वस्तू मात्र दोन वेगळ्या. म्हशीचं शिंग पोकळ, नखासारखं, गरम केलं की मऊ होतं, दाबून हवा तो आकार घेतं. हाताला ऊबदार लागतं. पण कोरड्या हवेत वाकतं, पापुद्रे सुटतात. सांबराचं शिंग म्हणजे हाडच. दरवर्षी गळतं, पुन्हा उगवतं. आतला भुसभुशीत गाभा कमी आणि बाहेरून खडबडीत. हा खडबडीतपणाच त्याची किंमत. कितीही ओला हात असो, पकड सुटत नाही. म्हणून इंग्लंडातलं शेफील्ड, सुऱ्या-कात्र्यांची राजधानी, तिथले कारागीर चांगल्या शिकारी सुरीला हिंदुस्थानातलं सांबरशिंग मागवायचे. आपल्या रानातली गळलेली शिंगं पोत्यांनी तिकडे जायची आणि सुऱ्या होऊन परत इथल्याच साहेबांच्या कमरेला यायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. गळलेल्या शिंगांची निर्यात त्यानंतरही काही काळ चालू राहिली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तीही थांबवली. देशी हस्तिदंताचा व्यापार त्याआधीच, १९८६ मध्ये, बंद झाला होता. हे योग्यच झालं. घरात आजोबांची सांबरशिंगाची सुरी असेल तर ती विकायला काढू नका, कायद्याने अडचणीत याल.

उरलं लाकूड. आणि इथे आपण श्रीमंत आहोत. पश्चिम घाटाचं शिसव, कन्नडमध्ये बीटे. जड, दाट, तेलकट, पाणी सहजासहजी पीत नाही. हाताचा घाम आणि तेल लागून वर्षागणिक काळं आणि गुळगुळीत होतं, पण काचेसारखं निसरडं नाही. बाभळीची मूठ स्वस्त आणि चिवट, शेतीच्या हत्यारांना तीच. सागवान दिसायला छान, पण सुरीच्या मुठीला मला ते जरा ठिसूळ वाटतं. सुतारमंडळींनी रागावू नये.

विसाव्या शतकात बेकेलाइट आलं, आणि त्याच राळेत कापड किंवा कागदाचे थर भिजवून दाबलेलं मायकार्टा. ते मुळात विजेच्या यंत्रांसाठी, पण सुरीवाल्यांनी पळवलं. कापडाच्या थरांची मायकार्टा ओली झाल्यावर आणखी पकड देते, फुगत नाही, तडकत नाही, कीड लागत नाही. शिंगाची सगळी दुखणी तिने दूर केली. मग रबरासारख्या मऊ मुठी आल्या. थंडीत त्या फार सुखाच्या. पण काही वर्षांनी त्यांतल्या कित्येक चिकट होतात, हे विकणारा सांगत नाही.

आज कुणी न मिटणारी सुरी घ्यायला जातं ते शिकारीसाठी नाही. रानात मुक्काम करणारे, शेतकरी, मासेमारी करणारे, सह्याद्रीत भटकणारे घेतात. एक सांगून ठेवतो. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल आणि ते घरगुती, शेतीच्या वा कारागिरीच्या कामासाठी केलेलं नसेल, तर ते शस्त्र कायद्याच्या यादीत येतं. तेवढ्या पात्याची गरजही नसते. सोलण्या-चिरण्याच्या कामाला वीतभराच्या निम्मं पातं पुरतं.

दुकानात गेलात तर पातं चमकतंय का हे नंतर बघा. आधी डोळे मिटून मूठ धरा. धार कुठल्या बाजूला आहे ते न बघता कळलं पाहिजे. गोल मूठ हे सांगत नाही आणि हातात फिरते, अंडाकृती मूठ सांगते. मग उलटी धरा, चिमटीत धरा, तर्जनी पाठीवर टेकवून धरा. बोटांसाठी खोल खाचा पाडलेली मूठ दुकानात हाताला फार गोड वाटते, कारण आपण ती एकाच तऱ्हेने धरतो. कामाला लागलात की पकड दर मिनिटाला बदलते आणि त्या खाचा बोटांच्या मध्ये येऊन टोचतात. त्या खाचा कुठल्यातरी दूरच्या कारखान्याने कुठल्यातरी सरासरी पंजावरून काढलेल्या असतात, तुमच्या नव्हे. ज्यांचे पंजे लहान आहेत, विशेषतः बायका, त्यांना हा त्रास रोजचा. बाजारातल्या निम्म्या मुठी त्यांच्या हातासाठी केलेल्याच नसतात आणि मग दोष हाताला दिला जातो. साहेबाने आपल्या हातांबद्दल लिहिलं होतं, तसाच. जमलं तर हात ओला करून धरून बघा. दुकानदार विचित्र नजरेने पाहील, पाहू द्या.

आणि फळ्या लावलेली मूठ असेल तर पोलाद आणि फळी यांच्या सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर तिथे उद्या पाणी जाणार, परवा गंज, आणि तासभराच्या कामानंतर तिथेच फोड.

चिकपेटमध्ये आज सुऱ्या शोधू नका. त्या घ्यायच्या तर कृष्णराजेंद्र मार्केटात किंवा एस. जे. पी. रोडला जायचं, तिथे लोखंडी हत्यारं मिळतात. चिकपेट कापडाची. पण जुन्या पेठांत आजही भावसार, नामदेव शिंपी, आरे मराठा अशी मराठी बोलणारी घरं आहेत. त्यांची मराठी ऐकली की मध्येच कन्नड क्रियापद लागतं आणि गंमत वाटते. खंडेनवमीला, म्हणजे त्यांच्याकडच्या आयुधपूजेला, शिंपी आपली मोठी कात्री पूजेत मांडतो. हळदकुंकू पात्यावर लागतं. कात्रीचं अंगठ्याचं कडं बघितलं तर त्यावर जुन्या कापडाची चिंधी घट्ट गुंडाळलेली असते, जिथे लोखंड अंगठ्याला लागत होतं नेमकी तिथे. पूजेसाठी कात्री घासूनपुसून लखलखीत करतात, पण ती चिंधी काढत नाहीत.